बत्तिसावं मत

सोल्वीने शिंगं धरली, मेंढी दोन पायांत घेतली आणि सगळ्या खोऱ्याच्या देखत तिला नेऊन थेट चुकीच्या खणात सोडलं.

"शेजाऱ्यांची होती," स्टेनार म्हणाला. धाकटा भाऊ फळीवर कोपरं टेकून हे सगळं पहिल्यापासून बघत होता. "डावा कान मागून कापलेला. आपला पुढून असतो."

"ठाऊक आहे मला."

"मग ओढलीस कशाला?"

"आघाडीचा धर्म. शेजाऱ्याचं ओझं आपण वाहायचं."

फळीवरचे पाच जण हसले. सोल्वीने मनात नोंद केली, पाचातले तीन हशे खरे, दोन मंत्रिपदाला. कोण किती हसलं, कोणी हात किती वेळ धरून ठेवला, कोणी नमस्कार अर्ध्यात सोडला, याचा ताळेबंद त्याच्या डोक्यात आपोआप चाले. माणसांचे चेहरे त्याला वाचता येत. मेंढ्यांचे कान मात्र तीस वर्षांत पार विसरला होता.

उन्हाळाभर डोंगरावर मोकळी सुटलेली मेंढरं सप्टेंबरात खाली आणायची, गोल मेंढवाड्यात कोंडायची आणि कानखूण बघून ज्याची त्याच्या खणात घालायची. या कामाला क्रोसाफ्योर्दात मंत्री काय आणि मासे कापणारा काय, यावंच लागतं. कोणी आलं नाही तर लोक जाब विचारत नाहीत, फक्त लक्षात ठेवतात. ते जास्त वाईट.

यंदा तर न येऊन चालण्यासारखंच नव्हतं. देश जेमतेम चार लाखांचा. नातेवाईक टाळून मंत्रिमंडळ करायला गेलं तर खुर्च्या रिकाम्या राहतील. त्यामुळे केटिलच्या तीन मुलांपैकी दोघं मंत्रिमंडळात होती आणि एक मेंढरांत. तिघांमधली अक्कल कोणाच्या वाट्याला आली याबद्दल खोऱ्याचं मत ठाम होतं आणि ते मेंढरांच्या बाजूने होतं. सोल्वी किनारा पक्षाचा, त्याच्याकडे रस्ते आणि पूल. बहीण हालबेरा समतोल पक्षाची, तिच्याकडे तिजोरी. पंतप्रधान तोर्फी तिसऱ्याच पक्षाचा. संसदेत जागा त्रेसष्ट, सरकारकडे बत्तीस. एवढ्यावर दोन वर्षं चाललं होतं, म्हणजे दोन वर्षं कोणालाही मनसोक्त सर्दी झाली नव्हती.

गुरुवारी हालबेराने रस्त्यांच्या आराखड्यातून क्रोसा घाटाखालचा बोगदा काढून टाकला. शुक्रवारी सकाळी विरोधकांनी अविश्वासाचा ठराव टाकला. मतदान मंगळवारी. आणि शुक्रवारी दुपारपासून लोकांच्या फोनवर दोन वर्षांपूर्वीचा सोल्वी फिरत होता. गावच्या सभागृहाचं स्टेज, हातात कॉफीचा मग, आवाज खर्जातला: "ज्या सरकारात बोगदा नाही, त्या सरकारात मी नाही." हे वाक्य त्याने आधी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, आणि तेव्हा ते फार छान वाटलं होतं.

म्हणजे बत्तिसावं मत त्याचं. सरकारच्या बाजूने दिलं तर खोटारडा. विरुद्ध दिलं तर बहीण घरी, तोर्फी घरी आणि तो स्वतःही घरी. गाडी गेली, ड्रायव्हर गेला. त्याची कॉफी कशी लागते हे त्या ड्रायव्हरला त्याच्या घटस्फोटित बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. खुर्ची सोडवत नाही, हे सोल्वी स्वतःशी मान्य करत होता, फक्त मोठ्याने नाही.

पण तो केटिलचा मुलगा होता. कोंडीत सापडला की त्याला तिसरी वाट सुचे, आणि ती नेहमी मागच्या दाराची असे. शुक्रवारी संध्याकाळपासून तो खोकत होता.

"वारा लागला?" मागून आवाज आला.

हालबेरा. लोकरी स्वेटर, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, दोन्ही हातांत दोन मेंढ्यांची शिंगं. दोघींना तिने चालता चालता योग्य खणात ढकललं, कानांकडे नीटसं न बघताच. बाबांची कानखूण आज तिच्या नावावर होती. बाबांनी मुलीला खूण दिली आणि सोल्वीला आवाज दिला. वाटणी कशी झाली ते अशा वेळी कळे.

"थोडासा," सोल्वी म्हणाला आणि पुन्हा खोकला.

"तोर्फी सांगत होता, काल फोनवरही खोकत होतास. फोनवर कुठला वारा?"

ती फळीवर बसली. खिशातली ब्रेनिविनची, म्हणजे गावठी कडक दारूची, बाटली काढून एक घोट घेतला आणि त्याच्याकडे दिली. मेंढवाड्यात बाटली नाकारायची नसते. मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला तिच्याकडून साधं पाणी मिळालं नव्हतं कधी.

"मंगळवारी कुठे असशील?"

"बहीण विचारतेय की अर्थमंत्री?"

"बहिणीला माहीत आहे. अर्थमंत्र्याला लेखी हवंय."

"तू बोगदा परत घाल, मी लेखी देतो."

"समिती देते. अभ्यास करायला."

"चौथी?"

"पाचवी. चौथीचा अहवाल गेले पाच महिने तुझ्याच टेबलावर आहे. तू त्यावर कॉफीचा मग ठेवतोस. मी पाहिलाय."

सोल्वीने बाटली परत दिली. "डोंगर तोच आहे, हालबेरा. अभ्यास करकरून तो काही पातळ होणार नाही."

"हे वाक्य चांगलं आहे. भाषणासाठी राखून ठेव." ती समोरच्या मेंढरांकडे बघत बोलत होती. "खोऱ्यात माणसं किती? दोनशे ऐंशी. सात किलोमीटर डोंगर पोखरायचा. आणि देशात अशी खोरी अकरा आहेत, प्रत्येकाकडे एक डोंगर आणि एक सोल्वी."

"या दोनशे ऐंशींत आपला भाऊ आहे."

"स्टेनारचं अपेंडिक्स काढू नकोस पुन्हा."

अपेंडिक्स सगळ्या देशाला माहीत होतं. एका फेब्रुवारीत बर्फाने घाट चार दिवस बंद होता, आणि दुसऱ्या दिवशी स्टेनारचं अपेंडिक्स फुटलं. तटरक्षक दलाच्या बोटीने वादळातून नऊ तासांनी त्याला इस्पितळात पोहोचवलं. डॉक्टर म्हणाले, दहाव्या तासाला तो हाती लागला नसता. सोल्वीने हे तीन भाषणांत सांगितलं. दुसऱ्या भाषणात वादळ वाढलं. तिसऱ्यात ऐकणाऱ्याला वाटावं की बोटीत सोल्वीही होता. खरं तर तो त्या वेळी रेक्याविकमध्ये, पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात, दोन खासदारांबरोबर गळ्यापर्यंत बुडून बसला होता.

"मी पाडेन हं सरकार," सोल्वी म्हणाला.

"हो, हो," हालबेरा म्हणाली, आणि उठून पुढची मेंढी धरायला गेली.

त्या 'हो, हो'ची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे त्याला कळेना.

दुपारी चारला खण भरले, मेंढरं शांत झाली आणि माणसं सूप प्यायला पांगली. सोल्वी सगळ्यांच्या आधी स्टेनारच्या स्वयंपाकघरात शिरला. मागच्या दाराची वाट तिथूनच जात होती, आणि ती गुन्वोर आत्याच्या हातात होती.

संसदेची रीत अशी, की सदस्य आजारी पडला किंवा रजेवर गेला की निवडणुकीच्या यादीतलं त्याच्या खालचं नाव येऊन त्याच्या खुर्चीत बसतं आणि स्वतःच्या बुद्धीने बटण दाबतं, म्हणून तर सर्दी परवडत नाही. सोल्वीच्या खालचं नाव गुन्वोर. यादी केली तेव्हा दोन हुशार तरुण त्या जागेसाठी धडपडत होते. पण तरुण माणूस दुसऱ्या नंबरावर ठेवला की तो रोज आपल्या तब्येतीची चौकशी करतो. म्हणून सोल्वीने तिथे बाबांच्या बहिणीला टाकलं. वय शहात्तर, चाळीस वर्षं खोऱ्याच्या टेलिफोन केंद्रावर. ती कोणाचं बोलणं चोरून ऐकत नसे, पण कोण कोणाशी किती वेळ बोललं हे तिला तोंडपाठ असे.

आई गेली तेव्हा हालबेरा पाच वर्षांची होती. तिला गुन्वोरनेच वाढवलं. ती काही हालबेराला पाडणार नाही. म्हणजे सोल्वी खोकणार, आत्या बटण दाबणार, सरकार राहणार, आणि दिलेला शब्द मोडायला सोल्वी सभागृहात नसणारच. बिछान्यात पडल्या पडल्या त्याने हे गणित तीनदा तपासलं होतं.

आत्या चुलीपाशी पातेल्यावरचा फेस काढत होती. कोकराचं मांस, सलगम, गाजर. वासाने खिडकीच्या काचा धुरकटल्या होत्या. सोल्वी खोकला.

"ते बंद कर," ती मागे न बघता म्हणाली. "तुझ्या बापालाही खोटं खोकता येत नसे."

"आत्या, मंगळवारी तुला रेक्याविकला जावं लागेल असं दिसतंय. एका दिवसाचं काम."

"जाईन की. कोट आहे."

"कसला कोट?"

"संसदेचा. निळा. दोन वर्षांपूर्वीच शिवून घेतला."

सोल्वीचा पुढचा खोकला घशातच राहिला. "पण मी म्हटलं होतं, तुला काही करावं लागणार नाही."

"तू म्हटलं होतंस. मी म्हटलं, बघू. गणिताच्या परीक्षेला दर वर्षी आजारी पडणारा पोरगा तू. तुझ्या खालची जागा म्हणजे काम लागणारच." तिने पळीभर फेस वाडग्यात झटकला. "संसदेचे कागदही मागवून घेते मी. सगळे वाचते. चौथ्या समितीचा अहवाल चांगला आहे."

"हो ना," सोल्वी म्हणाला.

"पान एकसष्ट बघितलंस?"

"वरवर."

"पानं अठ्ठावन्नच आहेत."

सोल्वीने पातेल्यात डोकावून बघितलं, जणू सुटका तिथे शिजत होती. "तर मंगळवारी एवढंच, आत्या. बटण दाबायचं. सरकारच्या बाजूने."

"का बरं?"

"म्हणजे... हालबेरा आहे ना सरकारात."

आत्याने पळी खाली ठेवली आणि कमरेला खोचलेल्या फडक्याला हात पुसले. "गावच्या सभागृहात तू बोललास तेव्हा स्टेजवर शेजारी कोण होतं?"

"तू."

"तू बोललास, टाळ्या झाल्या, तू गाडीत बसून गेलास. मी पायऱ्या उतरले तर लोक मला विचारायला लागले, खरं का गुन्वोर? मी म्हटलं, खरं. चौदा जणांना म्हटलं. नावं सांगू?"

"नको."

"तू विसरलास तर चालतं, तू तिकडे राहतोस. मला ते चौदा जण दुकानात भेटतात, दुधाच्या कपाटापाशी. दोघे वारले. त्यांनाही सांगून बसलेय मी." तिने पळी उचलली. "बोगदा नसेल तर मी विरुद्ध दाबणार."

"माझ्याविरुद्ध?"

आवाज दारातून आला. तिथे हालबेरा उभी होती, एक बूट हातात, एक पायात. तिच्यामागे स्टेनार.

"तुझ्याविरुद्ध नाही गं, सरकारविरुद्ध," आत्या म्हणाली. "मी तुला वाढवलं. सरकारला कोणी वाढवलं मला ठाऊक नाही. बस, सूप होतंय."

हालबेरा बसली नाही. तिने आत्याकडे बघितलं, मग सोल्वीकडे, आणि देशाची अर्थमंत्री असल्याने एकतीस अधिक एक ही बेरीज तिने चटकन केली. तशीच एका बुटात लंगडत आली आणि सोल्वीच्या कपाळावर हात ठेवला.

"ताप नाहीये."

"आतून आहे."

"तू ठणठणीत आहेस. स्टेनार, खोकल्याचं औषध आहे घरात?"

"मेंढ्यांचं आहे," स्टेनार म्हणाला.

"ते दे."

सोल्वीला आयुष्यात कोणी इतकं आग्रहाने निरोगी ठरवलं नव्हतं. हालबेराने खुर्ची ओढली, टेबलावरचा पावाचा कागद पालथा केला आणि पेन काढलं. "ऐक. बोगदा आराखड्यात परत. खोदाई पुढच्या उन्हाळ्यात सुरू. समिती नाही, अभ्यास नाही. मी सही करते, तोर्फीला मी सांगते. तू मंगळवारी येऊन मत दे. स्वतः."

सोल्वीने तो कागद बघितला. दोन वर्षं, चार भाषणं, दोनदा मंत्रिमंडळाच्या बैठकीतून बाहेर जाणं, आणि दोन्हीदा कोट विसरल्यामुळे परत येणं. त्यातून निघालं शून्य. आत्याच्या एका वाक्यात सात किलोमीटर.

"हे तू मघाशी मेंढवाड्यात का नाही दिलंस? मी म्हटलं होतं की, सरकार पाडेन."

"म्हटलं होतंस."

"मग?"

हालबेराने पेन कागदावर ठेवलं. "तू म्हटलं होतंस, सोल्वी."

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. तेच जास्त टोचलं.

"मला एक बोलायचंय," स्टेनार म्हणाला. तो पाव कापत होता आणि एकेक चकती नीट रचत होता. "बोगदा होवो, न होवो. पण पुढच्या भाषणात मी नको. दुकानात लोक विचारतात, पोट कसं आहे. मेंढरं कशी आहेत, ते कोणी विचारत नाही. त्या बोटीत मी आईला हाका मारत होतो. ते माझं होतं. तुला वापरायला दिलेलं नव्हतं."

सोल्वीने मान हलवली. काहीतरी बोलावं असं वाटलं, आणि जे सुचलं ते भाषणासारखं होतं, म्हणून गिळलं.

तरीही, खरं सांगायचं तर, पुढचं एक मिनिट तो सुखात होता. बोगदा मिळाला, बहीण वाचली, खुर्ची राहिली. कागदावर सही होताच बाहेर जाऊन हे लोकांना कसं सांगायचं, तेही मनात जुळायला लागलं. 'शेवटपर्यंत लढलो' हा शब्दप्रयोग त्यात दोनदा आला.

तेवढ्यात आत्याने विचारलं, "हालबेरा, हा मंगळवारी मत देईल. ठराव पडेल. मग बुधवारी तुला भीती कोणाची?"

हालबेरा खोटं बोलणारी नव्हती. म्हणूनच ती भाषणं कमी करी. तिने पावाची चकती उचलली, तिचे दोन तुकडे केले, त्या दोनांचे चार केले, आणि एकही तोंडात घातला नाही.

सोल्वीला सगळं उताण्या तळहातासारखं दिसलं. नाताळपर्यंत खडक अवघड निघेल. इस्टरपर्यंत सहावी समिती. अध्यक्ष कोण? सोल्वी. भाषणही त्याला दिसलं, त्यातला तो खर्जही ऐकू आला. वाईट म्हणजे ते भाषण चांगलं होतं.

"आणि तू खुर्चीत असशील तर?" त्याने आत्याला विचारलं.

"सहीचा कागद आला तर हालबेराच्या बाजूने दाबीन. सरकार राहील. मग खोदाई सुरू होईपर्यंत तिथेच बसून बघत राहीन. माझ्याकडे वेळ आहे. गुडघे दुखतात, पण बसायला लागत नाहीत."

टेबलावरचा सोल्वीचा फोन थरथरला. तोर्फी. या देशात पंतप्रधानही थेट फोन करतो. मध्ये कोणी ठेवायला माणसंच पुरत नाहीत. सोल्वीने तो उचलला. हालबेरा त्याच्याकडे बघत होती, तिचं पेन कागदावर टेकलेलं.

"सोल्वी, कसा आहेस?" तोर्फीचा आवाज मधात भिजवलेला होता. "काल खोकत होतास. काळजी वाटली."

"मी ठणठणीत आहे."

"वा. म्हणजे मंगळवारी येतोयस."

"नाही. रजेवर जातोय. आजारपणाची नाही, साधी. अधिवेशन संपेपर्यंत." त्याला ड्रायव्हर आठवला, आणि ती कॉफी. "माझ्या जागी गुन्वोर येतेय."

पलीकडे तोर्फी यादी आठवत असावा.

"तुझी आत्या? टेलिफोनवाली?"

"तीच."

"आणि मंत्रिपद?"

"ते मी सोडतो. कोणाला द्यायचं ते तिच्याशी बोलून ठरव. मत तिचं आहे."

"थांब, थांब. तिला हवंय काय?"

"बोगदा."

"पण..." तोर्फी खरोखर गोंधळला होता. "तेच तर तूही मागत होतास ना? दोन वर्षं?"

"हो," सोल्वी म्हणाला. "मी मागत होतो."

हालबेराने त्याच्यावरची नजर काढली, कागद सरळ केला आणि खाली सही केली. नेहमीपेक्षा सावकाश, वाचता येईल अशी. मग तो कागद तिने सोल्वीकडे नाही, चुलीच्या दिशेने सरकवला.

"तिला फोन दे," तोर्फी म्हणत होता. "आत्ताच बोलतो. दे तिला."

सोल्वीने फोन पुढे केला. आत्याच्या एका हातात पळी होती, एका हातात वाडगं, आणि दारातून शेजारपाजारची माणसं बूट काढत आत यायला लागली होती. तिने मोजून सात वाडगी मांडली, मान वळवून दारात आणखी कोण आहे ते बघितलं आणि आठवं घेतलं.

"त्याला सांग, थांब म्हणावं," ती म्हणाली. "आधी सूप वाढून होऊ दे."

सोल्वीने तसं सांगितलं. फोन कानाला लावून तो उभा राहिला आणि पलीकडचा आवाज ऐकत राहिला. सरकार झाल्यापासून तोर्फी त्याच्यासाठी एकदाही थांबला नव्हता. आता पलीकडे नुसता श्वास येत होता. पंतप्रधान थांबला होता.